मंच बसणाऱ्यांसाठी

वर्शिप टीमसाठी रेडीमेड स्टेज प्लॅटफॉर्म घ्यायचे, असा विषय आमच्या चर्चच्या कमिटीत निघाला तेव्हा सर्वांत ठाम विरोध माझा होता. आज मी इतर मंडळ्यांनाही ते घ्या म्हणून सांगते. मत का बदललं ते मोकळेपणी लिहायला हवं, कारण तो विरोध उथळ नव्हता आणि त्यातला बराचसा भाग मी अजूनही सोडलेला नाही.

मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडची उपासना ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरून, पेटी-तबल्यावर वाढली. कृष्ण रत्नाजी सांगळे आणि पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन लोकांत रुजवलं. कीर्तनकार श्रोत्यांच्या समोर, त्यांच्याच जमिनीवर उभा राहतो. आमचं गाणं या घराण्यातलं. गाणारे उंचावर चढले, दिवे त्यांच्यावर पडले, की मंडळी ऐकायला बसते. मोठ्या सभांमध्ये मी हे पाहिलं आहे. आवाज उत्तम असतो, पण बाकावरच्या माणसाचे ओठ हलत नाहीत. उपासनेत मंडळीचा आवाज हाच मुख्य आवाज, बाकीचे सगळे साथीला, असं मी मानत आले आणि आजही मानते.

मग एकदा घसा बसला आणि काही रविवार मी टीममध्ये उभी न राहता मागच्या बाकांवर बसले. तिथून आमचा तबलजी मला दिसलाच नाही. पेटीवाल्या काकांचं टक्कल तेवढं मधूनच दिसायचं. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून जेमतेम अडीच-पावणेतीन फुटांवर येतं; बाकावर बसलेल्याचे डोळे जवळजवळ चार फुटांवर असतात, आणि मध्ये पुढच्या रांगांची डोकी. म्हणजे एकाच जमिनीवर सगळे समान, हे माझं म्हणणं उभ्या गायकांपुरतं खरं होतं. बसणारे दिसेनासे झाले होते.

त्याहून महत्त्वाचं त्या तबलजीनेच सांगितलं. गायकांच्या मागे बसल्यावर त्याला समोर फक्त साड्यांच्या निऱ्या आणि पँटी दिसतात. ध्रुवपद पुन्हा घ्यायचं, लय चढवायची, इथे थांबायचं, हे सगळं आमची पुढची ताई हाताने सांगते. तो हात त्याला दिसत नाही, म्हणून तो अंदाजाने वाजवतो. मात्रा दोन मात्रा मागे-पुढे झाली की प्रथम थांबते ती मंडळी. तिला कुठे उचलायचं ते कळत नाही. जे ओठ हलते राहावेत म्हणून मी मंच नको म्हणत होते, तेच ओठ मंच नसल्यामुळे बंद पडत होते. इथे माझं मत फिरलं. उंची हवी ती बसणाऱ्यांना. उभ्या गायकांनी फरशीवरच राहावं.

तरीही मंच करायचा तर आपल्या सुताराकडून सागवानी, कायमचा करावा, असं वाटत होतं. त्याच्या हाताला तोड नाही. पण आमच्या चर्चचा पुढचा भाग एकाच कामाचा नाही. मध्ये प्रभुभोजनाचं मेज असतं. लग्नात वधूवर तिथे उभे राहतात, आणि अंत्यविधीला शवपेटी तिथेच ठेवतात. खांदा देणाऱ्यांना भोवती वळायला जागा लागते. ठोकून बसवलेला मंच त्या दिवशीही तिथेच राहिला असता. चार बाय चारचे सुटे प्लॅटफॉर्म दोघेजण उचलून भिंतीशी उभे करतात. सुट्या पायांनी त्यांची उंची आठ, सोळा किंवा चोवीस इंच करता येते. आमची शहाबादी फरशी जुनी, खालीवर झालेली. तिच्यावर पेचाने कमीजास्त होणारे पाय फार उपयोगी पडतात.

निवडताना विक्रेते वजनाचा आकडा पुढे करतात, चौरस मीटरला 500 किंवा 750 किलो वगैरे. चार बाय चारचा एक प्लॅटफॉर्म साधारण दीड चौरस मीटरचा, म्हणजे 500 च्या हिशेबानेही पसरून ठेवलेलं 750 किलो वजन तो पेलेल. पेटी, तबला आणि दोन माणसं हा त्याला भारच नव्हे. पाहायचं ते निराळं. जोडलेल्या दोन प्लॅटफॉर्मना आडवा धक्का द्या. डुगडुगले तर घेऊ नका. सांध्यावरून अनवाणी पाय फिरवा. कड लागली तर तिथे उद्या कोणाचा तरी पदर अडकेल. आणि वर डग्गा ठेवून वाजवा. पोकळ प्लॅटफॉर्म डग्ग्याबरोबर घुमतो, आणि ती घूम माइकमधून सगळ्या हॉलभर जाते. आम्ही खालच्या पोकळीत जुने गालिचे दाबून भरले, वर जाड सतरंजी टाकली, तेव्हा डग्ग्याचा आवाज स्वच्छ झाला.

उंचीचा प्रश्न व्हीलचेअरने सोडवला. आमच्या मंडळीतले एकजण व्हीलचेअरवरून येतात आणि पेटी सुरेख वाजवतात. उताराचा सर्वमान्य हिशेब एकास बारा: आठ इंच चढायला आठ फूट उतार, चोवीस इंचांना चोवीस फूट. चोवीस फूट म्हणजे आमच्या बाकांच्या कितीतरी रांगा गेल्या असत्या. म्हणून पेटीची एक बाजू आठ इंचांवर ठेवली, आठ फुटांचा उतार तिला जोडला. ते खुर्चीवरच उंच बसलेले असतात, त्यांना आठ पुरतात. तबला सोळा इंचांवर. तिथून तबलजीला ताईचा हात दिसतो, मागच्या बाकांना तबलजी दिसतो.

चोवीस इंची पाय विकत घेऊच नयेत, असं मी कमिटीत मांडलं आहे. नाताळच्या कार्यक्रमासाठी तरुण संघाला ते हवे आहेत. नाटिका मागच्या लोकांना दिसली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण पाय कपाटात असले की जानेवारीतल्या एखाद्या रविवारी गायकही त्यांच्यावर उभे राहतील, ही माझी भीती गेलेली नाही. नाटिकेसाठी मांडववाल्याकडून तेवढ्या दिवसापुरतं स्टेज आणा, असा माझा आग्रह आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.