उठू देण्याची सेवा

फिजिओथेरपी हा शब्द आता आमच्या खेड्यापाड्यांतही रुळला आहे. मराठीत त्यास भौतिकोपचार म्हणतात. परंतु शब्द रुळला म्हणून अर्थही रुळला, असे नव्हे. घरोघर जाऊन हे उपचार करणारी बाई वाड्यावर आली की 'मालीशवाली आली' असेच उद्गार आजही कानी पडतात. तेल, शेक आणि चोळणे यांपलीकडे या विद्येत काही असेल, अशी पुष्कळांना कल्पनाच नसते. म्हणून ज्यांच्या घरी कोणी पक्षाघाताने वा खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळले आहे, त्यांच्यासाठी तरी या कामाचे खरे स्वरूप सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी नाही. पोलिओने अनेक मुले पंगू होत होती, त्या काळात, 1950 च्या दशकाच्या प्रारंभी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचे रीतसर शिक्षण सुरू झाले. पुढे पोलिओ हटला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्रही मिळाले. या विद्येचे काम मात्र संपले नाही. तेव्हा मुलांना पायांवर उभे करायचे होते. आता आयुर्मान वाढल्यामुळे वृद्धांना उभे ठेवायचे आहे. या व्यवसायाचे शिक्षण व नोंदणी आता 2021 च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येते.

आमच्या थोरल्या बंधूंना 2023 च्या पावसाळ्यात पक्षाघात झाला आणि उजवे अंग गेले. ते घरी परतल्यावर वहिनींनी सेवेत काही उणे ठेवले नाही. बंधूंनी तांब्याकडे नुसते पाहिले, तरी पेला ओठांशी येई. ते हालचाल करू लागले की 'तुमी बसून रावात, हांव करतां,' हे वाक्य ठरलेलेच. अशा पतिसेवेचे आपल्या समाजात कौतुक होते, आणि ते होणे स्वाभाविकच आहे.

अशा घरात ती तरुण फिजिओथेरपिस्ट आली. पहिल्या दिवशी तिने प्रथम घर पाहिले. खाट किती उंच, न्हाणीचा उंबरठा कसा, सोप्याच्या पायऱ्या किती, हे सारे वहीत टिपून घेतले. मग आम्हां कोणाला न विचारता तिने बंधूंनाच विचारले, "काका, तुम्हांला काय करायची इच्छा आहे?" जड जिभेने ते म्हणाले, "प्रदक्षिणा." तिने तोही शब्द टिपला आणि त्या एका प्रदक्षिणेची कामे पाडली : उठणे, उभे राहणे, चालणे, वळणे, पायरी चढणे आणि उतरणे.

उठताना पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकावे आणि मग अंग उचलावे. दुबळा हात धरून रुग्णाला कोणी ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, तो सांधा दुखावतो. काठी चांगल्या हातात धरावी. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुबळा. खुर्चीवरून उठून 3 मीटर चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे, अशी एक परीक्षा ती घड्याळ लावून घेई. यास 12 सेकंद वा अधिक लागले, तर पडण्याचा धोका समजतात. बंधूंना प्रथम 49 सेकंद लागले होते.

ती आठवड्यातून दोनदा येई, तेही पाऊण तास. उरलेला सारा आठवडा घरच्यांच्या हाती. म्हणून रुग्णाइतकेच घराला शिकवणे हे तिचे काम होते, आणि सर्वांत कठीण धडा वहिनींच्या वाट्यास आला. "काकू, शेजारी उभ्या राहा, पण हात लावू नका. पडू लागले तरच धरा." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा तिने समजावले : मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला भाग सरावाने काही कामे नव्याने शिकतो. तो सराव ज्याचा त्यानेच करावा लागतो. तुम्ही उचललेला प्रत्येक पेला म्हणजे त्यांची चुकलेली एक उजळणी. त्या दिवसापासून वहिनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहू लागल्या. त्यांनी केलेल्या सर्व सेवेत ही सेवा आम्हांस अधिक कष्टाची वाटते.

एके दिवशी तिने आमच्या गावचे देऊळही पाहिले. रुंद दगडी पायऱ्या, पावसात निसरड्या, अनवाणी पाय आणि कठडा नाही. ती म्हणाली, "कठडा दोन्ही बाजूंना हवा. काकांना डाव्या हाताचाच आधार. चढताना डावीकडे येणारा कठडा उतरताना उजवीकडे जातो." गोष्ट साधी, पण इतकी वर्षे त्या पायऱ्या चढणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. महाजनांच्या सभेत वाद झाला. जुन्या वास्तूची शोभा जाईल, असे काहींचे मत पडले. देवाच्या दारी देवाचाच आधार पुरे, असेही कोणी म्हणाले. त्यावर एक वृद्ध महाजन उत्तरले, "घंटेला दोरी आपणच बांधली ना? हात पोचावा म्हणूनच ना?" कठडे बसले.

2024 च्या कार्तिकात बंधूंनी वाटेत दोनदा थांबून एक प्रदक्षिणा पूर्ण केली. वहिनी एक पाऊल मागे होत्या. उजव्या हाताची पकड अजून आलेली नाही, आणि ती येईलच असे आश्वासन त्या मुलीने कधी दिलेही नाही. परंतु आता त्या कठड्यांना धरून इतरही अनेक वृद्ध देवदर्शनाला येतात. घरी बसून राहिलेली ही माणसे इतकी होती, हे ती येऊ लागली तेव्हाच आम्हांला कळले.

वाचकांस एवढीच विनंती की, आपल्या गावच्या देवळाच्या पायऱ्यांना कठडा आहे काय, आणि असल्यास तो दोन्ही बाजूंना आहे काय, हे येत्या जत्रेपूर्वी एकदा पाहून यावे.