पूर्वेचा झरा

"मधल्या दोन विहिरी स्वच्छ आहेत, सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही." पंचनाम्यातलं हे वाक्य मला अजून सलतं.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव उसाचं. कारखाना आला, मागोमाग डिस्टिलरी आली. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर सांडपाणी निघतं. ते मळीचं पाणी साठवायला कच्ची तळी खणली. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीला कोऱ्या चहासारखं पाणी आलं. वास कुजक्या अंड्यांचा. गाई तोंड लावेनात.

तक्रारीनंतर पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी नकाशावर तळ्यापासून विहिरीपर्यंत पट्टी ठेवली आणि मधल्या विहिरी दाखवल्या. पण आमच्याकडे खाली बेसाल्ट, लाव्ह्याचे थरावर थर. घट्ट काळ्या कातळात पाण्याला वाटच नसते. ते मुरमातून, मांजऱ्या खडकातून, दोन थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून चालतं. भेग चुकली तर तळ्याशेजारची विहीरही स्वच्छ राहते आणि लांबच्या विहिरीत घाण उतरते. विहिरी खोदण्यात हयात गेलेले आमचे मिस्त्री हेच सांगत होते. आमचे दादा तर म्हणाले, "साहेब, शिडी लावतो, खाली उतरून बघा." पूर्वेचा, तळ्याच्या अंगाचा झरा काळपट वाहत होता, पश्चिमेचा नितळ. एकाच विहिरीत! याहून मोठा पुरावा कोणता? कुणी उतरलं नाही. नमुना नेला तो भर पावसाळ्यात, विहीर तुडुंब असताना, वरवरचा. अहवाल अर्थातच चांगला आला. नमुना घ्यायचा तर उन्हाळ्यात, विहीर उपसून, झऱ्याच्या तोंडचा घ्या, आणि घेताना स्वतः हजर राहा.

1974 च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या 24 व्या कलमात विहीर स्पष्ट लिहिलेली आहे. घाण थेट गेली काय किंवा आडवाटेने, दोन्हींना मनाईच. तरी आम्हाला विचारलं गेलं, "विहिरीत ओतताना कुणी पाहिलं का?"

डिस्टिलरी बंद करा म्हणत मीच गावभर फिरलो होतो. पुढे बंदची नोटीस निघाली आणि गाळपही थांबणार अशी आवई उठली. आमचा ऊस तोडीला आलेला. नोटीस मागे घेतल्याचं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा संतापही आला. तळ्यांना आता अस्तर घातलंय, पण सांध्यांत आधीच मुरलेलं निघायला वर्षं लागतात. तो ऊस गेला, बिल आलं. पाण्याचा टँकर चालूच आहे.