तीर्थरूपांना अर्ज

शाळेत आम्ही मुलांना जे नाना प्रकार शिकवतो, त्यांत अर्जासारखा निरुपद्रवी प्रकार दुसरा नसेल. कोपऱ्यात नाव-पत्ता, मग 'प्रति', मग 'विषय' आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'. हा अर्ज कुणाच्या टेबलावर जात नाही; माझ्या तांबड्या पेन्सिलीपर्यंत येतो आणि पाचांपैकी साडेतीन गुण घेऊन वहीत परत जातो. असे शेकडो अर्ज मी तपासले. एकाचंही उत्तर आल्याचं आठवत नाही.

उत्तरं आली ती 2024 च्या डिसेंबरात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक लहानसं कलम आहे : सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दिवस मुलांनी दप्तर घरी ठेवावं आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणत्यांच्या हाताखाली काम शिकावं. 2024 च्या जुलैत त्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि आमच्या मुख्याध्यापकांना उत्साह आला. कल्पना तशी जुनीच. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. माझ्या लहानपणी त्या कार्यानुभवाचे आम्ही खडू पाडत असू, आणि ते फळ्यावर उमटत नसत!

सातवीचा वर्ग माझ्याकडे. मी फर्मान काढलं, "आपापली जागा आपणच शोधायची आणि अर्ज करायचा. या वेळी खराखुरा!"

दोन दिवसांत मुलं हिरमुसून परत आली. बेकरीवाल्यानं अर्ज उघडलाच नाही. शिंप्यानं वाचला, "वय काय?" म्हणून विचारलं, आणि बारा म्हटल्यावर हात जोडले. त्याचंही खरंच होतं. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. सवलत आहे ती मुख्यतः शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्याला हातभार लावण्यापुरती. मग मुख्याध्यापकांनी प्रत्येक अर्जाला पत्र जोडलं : मूल नोकर नव्हे, विद्यार्थी आहे, मजुरी नाही, धोक्याच्या यंत्राला हात नाही, मास्तर रोज येऊन पाहतील. तेव्हा कुठं दारं किलकिली झाली. कुणी रोपवाटिकेत, कुणी छापखान्यात, कुणी सायकलदुरुस्तीला, असे सगळे मार्गी लागले.

एकाचा अर्ज मात्र आला नाही. हा सुताराचा मुलगा.

"का रे, तुझा अर्ज?"

"सर, मी रोजच करतो की. संध्याकाळी बाबांच्या हाताखाली."

मला भलतीच युक्ती सुचली. म्हटलं, "मग बाबांनाच अर्ज कर!" वर्ग खो खो हसला. तो मात्र गंभीरपणे लिहायला बसला. थोड्या वेळानं जवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, "सर, खाली काय लिहू? आपला आज्ञाधारक विद्यार्थी, की आपला मुलगा?"

"तुझं तू ठरव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलीनं ठळक अक्षरांत दोनच शब्द होते : 'परवानगी नाही'.

माझा मास्तरी अभिमान दुखावला. संध्याकाळी मी दुकान गाठलं. सागाच्या भुश्शाचा वास सुटला होता. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला आणि स्टूल पुसून पुढं केलं.

"मास्तर, ज्यांच्या घरी रंधा नाही त्यांची पोरं धाडा. दहा काय, वीस दिवस शिकवीन. माझा पोरगा नको."

"पण दहाच तर दिवस, मिस्त्री!"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी सातवीतच होतो. वडलांच्या हाताला पटाशी लागली. म्हणाले, हात बरा होईस्तोवर दप्तर खुंटीला राहू दे. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. त्याला आता तीस वर्षं होतील."

मला उत्तर सुचलं नाही. धोरणाच्या त्या यादीत सुताराचं नाव पहिलं आहे, याचं मला केवढं कौतुक होतं! पण दप्तर खाली ठेवणं ही एकाची मौज असते आणि दुसऱ्याच्या घरी ती जुनी भीती असते, हे माझ्या ध्यानीच आलं नव्हतं.

निघताना मिस्त्रीच म्हणाले, "मापं बिनचूक घेतो पोरगा. घरांचे नकाशे काढतात, तिथं बघा की."

त्यानं दुसरा अर्ज केला. बाकीच्या मुलांनी लिहिलं होतं, 'मला या कामाची आवड आहे.' यानं लिहिलं, 'मला फूट, इंच आणि सुतात माप घेता येते. गुण्या लावता येतो.' इंजिनियरसाहेबांनी मुख्याध्यापकांचं पत्र उघडण्याआधीच त्याला आत बोलावलं. इतकी वर्षं अर्ज शिकवून जे मला सांगता आलं नव्हतं, ते त्या दोन ओळींत होतं. अकराव्या दिवशी तो दप्तर घेऊन पहिल्या बाकावर हजर होता. मिस्त्रींच्या दुकानात त्या दहा दिवसांत डॉक्टरांची मुलगी गेली आणि एक वाकडा पाट करून घरी घेऊन आली.

2025 च्या दिवाळीआधी, घरच्या चौरंगाचा पाय निखळला म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. विश्वकर्म्याच्या तसबिरीमागून एका कागदाचं टोक डोकावत होतं. माझी नजर गेलेली पाहून ते ओशाळले.

"पोराचा अर्ज. आजवर 'माननीय' म्हणून मला कुणी लिहिलं नव्हतं, मास्तर."

त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. त्या चपट्या पेन्सिलीच्या दोन शब्दांच्या वर, निळ्या शाईत सही होती : 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी व मुलगा'.

मी घडी होती तशी घातली आणि कागद जागच्या जागी ठेवायला दिला. मिस्त्रींनी चौरंग उलटा केला आणि कानावरची पेन्सिल काढून पायाचं माप घ्यायला लागले.