फळ्यावरची दुसरी ओळ

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याकडे त्याच्या मुलाविषयी तक्रार केली. ती तक्रार पुढे आम्हांस मागे घ्यावी लागली, आणि मागे घेताना आमच्याच घरची एक जुनी गोष्ट उघडी पडली. वाचकांपैकी काहींनी ती आमच्या तोंडून प्रवचनात ऐकली आहे. म्हणून हा खुलासा त्यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे वाटते.

मुलगा नववीत शिकणारा, वेदीसेवक, स्वभावाने अबोल. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याची वही सॅक्रिस्टीत राहिली. वर 'गणित' असे लिहिले होते. आत मात्र 'द सिम्पसन्स' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील चुका आणि छुप्या खुणा पानोपानी टिपल्या होत्या. वडिलांच्या मोबाइलवर तो हे भाग पाहत असे. आम्ही स्वतः एकही भाग पाहिला नव्हता. तरीही पोरगा वेळ दवडतो, आणि तोही घरादाराची व देवाधर्माची टवाळी करणाऱ्या चित्रांपायी, असे आम्ही बापास ठासून सांगितले. बापाने मोबाइल पेटीत घालून कुलूप लावले.

आठवड्याभराने मुलगा दारात उभा राहिला. "फादर, मोबाइल नको. वही तेवढी द्या."

उपदेशाचे चार शब्द सुनवावेत म्हणून आम्ही वही उघडली. जे पान निघाले त्यावर सप्टेंबर १९९८ मध्ये प्रथम दाखविलेल्या 'द विझार्ड ऑफ एव्हरग्रीन टेरेस' या भागाची टिपणे होती. कथानायक होमर सिम्पसन हा अणुवीजकेंद्रातील एक आळशी नोकर. आपले अर्धे आयुष्य वाया गेले या विचाराने तो अस्वस्थ होतो आणि थॉमस एडिसनसारखे शोध लावायचे मनावर घेतो. एके ठिकाणी तो फळ्यावर सूत्रे लिहिताना दिसतो. दृश्य क्षणात सरते. मुलाने ते थांबवून फळा उतरवून घेतला होता. दुसऱ्या ओळीत असे होते: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात.

"यात चूक कोणती?" आम्ही विचारले.

मुलाने दप्तरातून आपल्या बहिणीचा पी.यू.सी.चा कॅल्क्युलेटर काढून आमच्या हाती दिला. सेमिनरीत आमचे गणित बरे समजले जाई, तेव्हा आम्ही उत्साहाने बटणे दाबली. दोन्ही घातांची बेरीज घेतली, तिचे बारावे मूळ काढले. उत्तर आले ४४७२, पुढे केवळ शून्ये. "बरोबर आहे," असा आम्ही निकाल दिला.

मुलगा हसला नाही, हे त्याचे सौजन्य. तो म्हणाला, "फादर, अंकांची बेरीज करा. ३९८७ चे होतात सत्तावीस, ४३६५ चे अठरा. दोन्ही संख्यांना तिनाने भाग जातो, म्हणजे त्यांच्या घातांना जातो आणि त्या घातांच्या बेरजेलाही जातो. ४४७२ चे होतात सतरा. त्या संख्येला तिनाने भाग जात नाही, मग तिच्या घाताला कुठून जाणार?"

आम्ही कागदावर पडताळून पाहिले. दोन्ही बाजूंच्या संख्या चव्वेचाळीस अंकी आहेत. पहिले दहा अंक तंतोतंत जुळतात, अकराव्याला फारकत होते. यंत्राच्या पडद्यावर दहाच अंक मावत, म्हणून यंत्र फसले, आणि यंत्रावर विसंबलेला धर्मगुरूही फसला.

ही चूक अनवधानाची नव्हे. पियेर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ च्या सुमारास एका ग्रंथाच्या समासात लिहून ठेवले होते की, दोनाहून मोठ्या घातांचे असे समीकरण पूर्णांकांत जुळूच शकत नाही. त्याची सिद्धता इंग्रज गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांच्या हातून पुरी होऊन १९९५ साली प्रसिद्ध झाली. मालिकेच्या लेखकांत डेव्हिड कोहेन नावाचे गृहस्थ होते. भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकून ते विनोदाकडे वळले. जवळजवळ जुळणाऱ्या अशा संख्या हुडकण्यासाठी त्यांनी संगणकाची आज्ञावली लिहिली होती. १९९५ च्याच एका भागात १७८२, १८४१ व १९२२ यांचे असेच समीकरण झळकून गेले होते. ते मात्र सम-विषमाच्या साध्या कसोटीवरच कोसळते. वाचकांनी घरी करून पाहावे.

याच कोहेन यांनी लिहिलेल्या १९९७ च्या एका भागात चुका शोधणाऱ्यांची गंमत केली आहे. एक प्रेक्षक भर सभेत विचारतो की, अमुक भागात उंदराने मांजराच्या बरगड्यांचे वाद्य वाजविताना एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा आघात केला, तरी दोन निराळे सूर कसे निघाले? होमर त्यालाच उलट विचारतो की, स्वतःस बुद्धिमान म्हणविणारा माणूस पोरांची चित्रे पाहण्यात आयुष्य का घालवतो? बिचारा प्रश्न मागे घेतो. आम्ही त्या बापासमोर याहून निराळे काय बोललो होतो?

वहीत एका पानावर एकच ओळ होती: या मालिकेतील माणसांना चारच बोटे असतात, परंतु १९९२ च्या एका भागात देव दिसतो त्याला पाच आहेत. देवाधर्माच्या टवाळीचा आमचा आरोप तिथे बराच ढिला पडला.

पुढे काळाच्या घोळाचे पान होते. मालिका १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा होमरचा मुलगा बार्ट दहा वर्षांचा होता. आजही तो दहाचाच आहे. १९९१ च्या एका भागात त्याच्या आईबापांची शाळेतील ओळख १९७४ सालची दाखविली आहे, आणि २००८ च्या एका भागात त्यांचे लग्नाआधीचे दिवस १९९० नंतरच्या दशकात नेऊन ठेवले आहेत. आम्ही ही ढळढळीत चूक म्हटली. मुलगा म्हणाला, "मुलगा दहाचाच ठेवायचा तर आईबापांचे तरुणपण पुढे सरकवावेच लागते, फादर. त्यांना चुकते आहे हे ठाऊक असते."

वही परत देताना शेवटचे पान आमच्या नजरेस पडले. त्यावर शीर्षक होते 'फादर'. खाली तीन ओळी:

'पहिले वर्ष. आजोबा बैलगाडीतून.
दुसरे वर्ष. आजोबा होडीतून.
तिसरे वर्ष. पोहत.'

आमचे आजोबा मलप्रभेच्या पुरातून रात्री पैलतीरी गेले आणि मरणोन्मुख शेजारणीसाठी धर्मगुरूंना घेऊन आले, ही गोष्ट आम्ही उपवासकाळात सांगत आलो आहोत. मुलाचे कान लाल झाले होते. तरी त्याने विचारलेच, "फादर, यातले खरे कोणते?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. गोष्ट आम्ही आत्याकडून ऐकली होती, आणि आत्या आता हयात नाही. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मूळ गावी थोरल्या काकांकडे गेलो. काकांनी नव्वदी ओलांडली आहे; त्या रात्री ते आठ वर्षांचे होते. बैलगाडी की होडी, एवढेच आम्ही विचारले. काका पुष्कळ वेळ अंगणाकडे पाहत राहिले. "काहीच नाही, बाबा," ते म्हणाले. "पाणी पाहून बाबा अर्ध्या वाटेवरून परत फिरले. ती बाई पहाटे गेली. बाबांनी पुढे कधी त्या घरचा उंबरठा ओलांडला नाही. त्यांच्या मागे तुझ्या आत्याने ती गोष्ट नीट केली."

परतल्यावर प्रथम आम्ही त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोललो याबद्दल बापलेकांची क्षमा मागितली. बाप संकोचला. त्याने पेटी उघडून मोबाइल आमच्याच हाती दिला, आणि तो आम्ही मुलाकडे सोपवला. पुढल्या रविवारी वेदीवरून काकांनी सांगितले तसे सांगितले. चर्चमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही.

मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत मुलाने वही काढून शेवटच्या पानावर चौथी ओळ लिहिली आणि आम्हांस दाखविली: 'परत फिरले.' वरच्या तीन ओळी त्याने खोडल्या नव्हत्या.