वग कोणता होता?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आजोबांना एक प्रश्न हमखास यायचा. चुलीपुढे भाकरी थापत, मान वर न करता आजी विचारायची, "वग कोणता होता?" मग आजोबा वग सांगायचे. सावत्र राणीचं कारस्थान, प्रधानाची फितुरी, शेवटी सत्याचा जय, सगळं साग्रसंगीत. आजी भाकरी उलटायची आणि विचारायची, "अन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी जरा डोळा लागला होता."

दरवर्षी तोच प्रश्न आणि दरवर्षी तोच डोळा.

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या पिढीला शरीराच्या भानगडींचं शिक्षण शाळेनं दिलं नाही, तमाशाच्या कनातीनं दिलं. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि सरतेशेवटी वग. गणपतीला हात जोडून सुरुवात व्हायची. पुढं मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी अडवल्या जायच्या आणि गावात जे उघड बोलायची कुणाची छाती नव्हती, ते साडी नेसलेला मावशी बोलून टाकायचा. सारा गाव एकदम हसायचा. सकाळी देवळापुढं तमाशाची हजेरी. ती सोवळी, म्हणून बायाबापड्याही यायच्या. दुपारी कुस्त्यांचा हगामा. दिवेलागणीला गाव पुन्हा सज्जन.

आता कनात लावावी लागत नाही, ती प्रत्येकाच्या खिशातच असते. तेव्हा उपरण्यानं तोंड झाकून आत शिरावं लागायचं. आता पांघरुणात तोंड घातलं की काम भागतं. तेव्हा शेजारच्याचं हसू ऐकून आपल्याला हसू फुटायचं. आता एकटा माणूस हसतही नाही, नुसता बघतो. उपरण्याआडून चुलते दिसायचे, चुलत्यांना आम्ही दिसायचो, आणि दोघंही ती गोष्ट जन्मभर पोटात ठेवायचो. ते पोटात ठेवणंही गेलं.

तसं या बाबतीत आमचं गाव घरंदाज. अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचे. लावण्या त्यांनीच रचल्या आणि माणसाला नीट वागायला सांगणारे फटकेही त्यांनीच. अहिल्याबाई होळकरांनी कान उपटले म्हणून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे, आणि त्याच जामखेडची ओळख लोक कलाकेंद्रांवरूनही सांगतात. रात्री लावणी, सकाळी फटका, हा आमचा दोनशे वर्षांचा रिवाज.

आता मध्ये रात्रच उरली नाही. संस्कृती बुडाल्याचा फटका सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर पडतो आणि त्याच अंगठ्यानं पुढच्या मिनिटाला लावणी उघडली जाते. तेव्हाचा ढोंगी माणूस निदान मधल्या वेळात झोपायचा.

चोरून वाचायचीही एक शिस्त होती. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. आमच्यापर्यंत ती पोचली तेव्हा तिच्यावर भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर होतं. शेवटपर्यंत वाचली, पण ज्याच्यासाठी वाचली ते पान काही सापडलं नाही. सुप्रीम कोर्टालाही १९६९ साली ते सापडलं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण कव्हर घालण्याची ती धडधड! आताच्या मुलांना सगळं सापडतं, धडधड तेवढी सापडत नाही.

इथवर लिहिलं की जीभ चावावी लागते. कारण ज्या कनातीसाठी आम्ही हळहळतो, तिच्या आतलं भाडं आम्ही भरत नव्हतो. तमाशातली पवळा हिवरगावकर आमच्याच तालुक्यातली, हिवरगाव पावसाची. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तमाशात उतरला, पठ्ठे बापूराव झाला, पवळेबरोबर त्यानं नाव गाजवलं. त्यानं जात सोडली, त्याचं कौतुक झालं. पवळेला तिच्या जातीनंच तिथं आणून उभं केलं होतं, त्याला कुणी त्याग म्हटलं नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली आणि आपल्या समाजातल्या बायका नाचवून मिळालेला पैसा बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारला, असं सांगतात. हेच बाबासाहेब १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकासाठी कोर्टात उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे देहाविषयी बोललेलं त्यांना चालत होतं. देहाचं भाडं कुणाच्या घरातून वसूल होतं, तेवढं त्यांनी पाहिलं. शिट्ट्या मारताना आम्ही ते पाहिलं नाही.

भाषाही तशीच होती. पुरुषाला 'नाद' असायचा, 'शौक' असायचा, फार तर त्याचा 'पाय घसरायचा'. बाईला एकच शब्द होता आणि तो इथं छापता येणार नाही. पाटलानं मळ्यात दुसरं घर केलं की गडी रंगेल. वाडीवरच्या विधवेच्या दारात कुणाची सायकल दिसली की तिच्याशी पाणवठ्यावर बोलणं बंद. कायदाही गावासारखाच. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ४९७ दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला गुन्हेगार मानायचं; पण नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही. बाई म्हणजे शेजाऱ्याचा बांध, न विचारता कोरला तर फिर्याद.

ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये रद्द केलं. नगरच्या ज्या वस्तीचं नाव आम्ही कुजबुजत घ्यायचो, तिथल्या बायकांना मुलं असतात आणि ती शाळेत जाऊ शकतात, हे १९८९ साली सुरू झालेल्या 'स्नेहालय' संस्थेनं दाखवलं. आज पुण्यात मुलगी मित्राबरोबर राहते, आईला 'रूममेट' सांगते, आई गावात 'मैत्रीण' सांगते. या थापेत निदान दोन बायका एकमेकींना सांभाळतात. आजोबांच्या थापेत आजी एकटीच होती. मात्र सायकलपुरती बदनामी वाडीच्या वेशीवर थांबायची. आता तिचा व्हिडिओ होतो आणि तो जिल्हा ओलांडतो.

म्हणजे तेव्हाचं वाईटच होतं. तरी वाईट वाटतं ते वगाचं. संगमनेरात राहिलेल्या, २०२१ साली गेलेल्या कांताबाई सातारकर वगात शिवाजी महाराज व्हायच्या. पहाटेपर्यंत बसणाऱ्याला तेही बघावं लागायचं: नाचाला आलेला माणूस घरी जाताना एक अख्खी गोष्ट घेऊन जायचा. आजीनं रात्रीचा तमाशा उभ्या जन्मात पाहिला नाही. तिच्या वाट्याला हजेरी आणि आजोबांनी गाळून आणलेला वग. ती चुलीपुढं कशाची वाट पाहत जागी असायची, हे आम्ही कधी विचारलं नाही. तिच्या प्रश्नाला फक्त हसलो.

परवा रात्री मोबाइल बघत बसलो होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, काय बघताय एवढं?"

"बातम्या."

आजीच्या हाताखाली सात वर्षं भाकरी थापलेली बाई ती. जरा थांबली आणि म्हणाली, "वग कोणता होता?"

काय सांगणार? वग नव्हताच. नुसतं 'त्याच्या आधी'चंच चाललं होतं, ते संपतही नव्हतं. आणि डोळा तर हल्ली लागतच नाही.