ढगांच्या रानातल्या बिननावाच्या अळंब्या

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरच्या वायव्येला, अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर लॉस सेद्रोस नावाचं अरण्य आहे. पाऊस थांबला तरी इथली झाडं ठिबकतच राहतात, कारण ढग थेट फांद्यांमधूनच वाट काढतात. शेवाळानं लपेटलेले बुंधे, त्यावर ऑर्किडं आणि कुजक्या लाकडांवर नाना रंगांच्या अळंब्या!

२००८ ते २०१९ या काळात अभ्यासकांनी इथून बुरशी-अळंबीचे १,७६० नमुने गोळा केले. त्यांत ७२७ वेगवेगळे प्रकार निघाले. त्यांतल्या अनेकांना अजून नावच नाही.

नवी अळंबी सापडली की लगेच बारसं होत नाही. दमट हवेत ती पाहता पाहता सडते. म्हणून ताजी असतानाच फोटो काढायचा, रंग-वास टिपायचा आणि ती मंद उष्णतेवर सुकवायची. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची मापं, डीएनए तपासणी, ज्ञात जातींशी तुलना. कुठंच जुळलं नाही, तरच लॅटिन धाटणीचं नाव मिळतं. मूळ नमुना संग्रहालयात कायमचा जपला जातो. या सगळ्यात वर्षं निघून जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? तांब्या-सोन्याच्या आशेनं या जंगलात खाणींचे परवाने दिले गेले होते. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेनं निसर्गालाही हक्क दिले आहेत. त्याच आधारे तिथल्या घटना न्यायालयानं २०२१ मध्ये इथलं खाणकाम रोखलं. जंगलात कोण कोण राहतं, याच्या नोंदी अशा वेळी साक्षीला येतात. ज्याची कुठं नोंदच नाही, त्याची बाजू मांडणार तरी कोण?