बँकॉक, सासूबाई आणि मी

आमच्या भिशीत मी ही बातमी सांगितली, तेव्हा आधी एकदम शांतता पसरली आणि मग सगळ्याजणी खो खो हसत सुटल्या. “बँकॉकला? तेही सासूबाईंना घेऊन?” मैत्रिणींनो, त्या हसण्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडची पुरुषमंडळी कंपनीतर्फे बँकॉकला जाऊन येतात, परत आल्यावर चॉकलेटं नि डोकेदुखीचा बाम वाटतात आणि त्यापलीकडे फारसं बोलत नाहीत. त्यामुळे ते शहर काही बायकांनी जायचं नव्हे, अशी एक समजूत होऊन बसली आहे. खरं सांगायचं तर माझीही तशीच होती.

ह्यांच्या कंपनीचे तीन दिवसांचे शिबिर होते आणि स्वखर्चाने कुटुंब नेण्याची परवानगी होती. माझ्याकडे शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे दोन वर्षांचे साठवलेले पैसे होते. सासूबाईंना नेण्याची कल्पना माझी नव्हे, खुद्द त्यांची. “काशी झाली, रामेश्वर झालं, विमानात तेवढं बसायचं राहिलंय,” असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, आणि मराठीखेरीज दुसरी भाषा नाही. हे सकाळी जाणार ते रात्रीच उगवणार. म्हणजे तीन दिवस परक्या शहरात आम्ही दोघीच! जाण्याच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही, ती विमानाच्या धास्तीने नव्हे.

पण उतरलो तोच विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तिथले लोक ‘सुवन्नफूम’ म्हणतात, तरी पाटीवर वाचून सासूबाई खूश. शहराला बँकॉक आपण म्हणतो. थाई माणूस म्हणतो ‘क्रुंग थेप’, म्हणजे देवांचे नगर. पूर्ण नाव तर मोठ्या स्तोत्राएवढे लांब आहे आणि त्यात महानगर, रत्न, अयोध्या, राजधानी, इंद्र, विश्वकर्मा असे आपले कितीतरी शब्द लपलेले आहेत. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने त्यांची जुनी राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने नदीच्या पूर्वतीरावर हे शहर वसवले. तिथले राजे आजही राम म्हणवतात. सध्याचा दहावा.

आता मुद्द्याचे सांगते. बँकॉक रस्त्याने बघू नका, नदीने बघा. रस्त्यावर वाहनांची अशी काही गर्दी असते की अर्धा दिवस टॅक्सीच्या काचेतून दुसऱ्या टॅक्सीकडे बघण्यात जातो. आम्ही वरून धावणाऱ्या रेल्वेने सफान ताक्सिन स्टेशनाला जायचो. तिथे जिना उतरला की चाओ फ्राया नदीचा धक्का. नारिंगी निशाणाची बोट धरायची. आम्हाला माणशी १६ बाथ पडले. (आम्ही गेलो तेव्हा बाथ साधारण अडीच रुपयांना होता.) पहिल्याच दिवशी सकाळी आठ वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागले आणि घाईघाईने चाललेली सगळी माणसे जागच्या जागी थांबली. माझ्या वर्गातली मुलं प्रार्थनेला इतकी स्थिर कधी उभी राहिलेली नाहीत.

बोटीवर कंडक्टर बाई हातातली पत्र्याची तिकिटांची नळी खडखडवत आली. कडेला भगव्या वस्त्रातला एक तरुण भिक्खू उभा होता. सासूबाई नमस्काराला वाकणार, तोच त्या बाईने त्यांचा दंड हलकेच धरून मागे घेतले. तिथे स्त्रीने भिक्खूला स्पर्श करायचा नसतो, वस्तूदेखील थेट हातात द्यायची नसते. सासूबाई जरा दुखावल्या. मग लांबूनच हात जोडून म्हणाल्या, “आपल्याकडं तरी कुठं सगळ्या गाभाऱ्यांत घेतात!” ह्यावर मी काय बोलणार?

राजवाड्याजवळच्या धक्क्यावर उतरलो आणि इथे मी फसले, ते मोकळेपणाने सांगते. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ गोड हसत पुढे आला. आज पूजा आहे, राजवाडा एक वाजेपर्यंत बंद आहे, तोवर तुम्हाला टुकटुकने दुसरी देवळे दाखवतो, फक्त २० बाथ, असे म्हणाला. मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई, पण विश्वास ठेवला! एक छोटे देऊळ दाखवून टुकटुक थेट एका खड्यांच्या दुकानापाशी उभी राहिली. आत दार लावलेले, गारेगार हवा, थंड सरबत, आणि समोर मखमलीवर नीलम. दुकानदार म्हणतो, भारतात नेऊन विका, दुप्पट पैसे येतील. त्या लघवी बोलण्यात मी सापडले. पर्सचा बंद माझ्या हातात आला होता, हे मला नंतर जाणवले. सासूबाईंनी खडा एकदा पाहिला, उठल्या आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, “आमच्या घराण्यात नीलम लाभत नाही. चल गं.” दार त्यांनीच ढकलले.

टुकटुकवाला रागावून निघून गेला. कुठे उभ्या आहोत, काही कळेना. माझे पाय लटपटत होते. कोपऱ्यावर खाण्याच्या गाडीवर एक बाई होती. तिला मी फोनमधला राजवाड्याचा फोटो दाखवला. तिने झारा खाली ठेवला, टॅक्सी थांबवली, चालकाला दोन वाक्ये दरडावून सांगितली आणि मीटरकडे बोट दाखवून आम्हाला आत बसवले. राजवाडा अर्थातच उघडा होता. तो सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. बंद आहे की नाही, ते आतल्या तिकिटाच्या खिडकीवरच विचारा, बाहेर कुणालाही नको.

तिकीट माणशी ५०० बाथ, म्हणजे महागच. पण ह्या एका ठिकाणी हात आखडू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपली साडी उत्तम, फक्त बिनबाह्यांचे पोलके नको. आतल्या देवळातल्या बुद्धाला पाचूचा बुद्ध म्हणतात. मूर्ती खरे तर एका हिरव्या दगडात कोरलेली, उंची जेमतेम सव्वादोन फूट. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी तिची सोन्याची वस्त्रे वर्षातून तीनदा बदलतात आणि हा मान राजाचा असतो. ऋतूप्रमाणे देवाला पोशाख, हे सासूबाईंना लगेच पटले.

भोवतीच्या ओवरीत मात्र आमचे दीड तास गेले. भिंतींवर १७८ चित्रांत तिथले रामायण, म्हणजे रामकियेन, रंगवलेले आहे. सोनेरी रेषांचा राम, दशकंठ रावण, पांढराशुभ्र मारुती. सासूबाई बोट दाखवून मला गोष्ट सांगू लागल्या, तशा दोन परदेशी मुलीही मागे येऊन थांबल्या. मग मला सांगावे लागले की ह्या रामायणात सीता रावणाची मुलगी आहे, आणि सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येवर मारुतीचे प्रेम बसते. “मारुतीचं?” सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “असेल बाई. त्यांच्याकडं त्यांचा मारुती.”

दुसरा दिवस वाट फोचा. ‘वाट’ म्हणजे देऊळ. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब नि १५ मीटर उंच आहे; एका नजरेत मावतच नाही. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हे आहेत. मूर्तीच्या मागे १०८ वाडगे ओळीने ठेवलेले असतात, सुटी नाणी घेऊन एकेकात टाकत जायचे. तो टण टण आवाज अजून माझ्या कानात आहे.

ह्याच आवारात थाई मसाजची नामांकित शाळा आहे. होय, मसाज! आपल्याकडे ज्या शब्दावर पुरुष डोळे मिचकावतात, तोच. उजेडाच्या दालनात ओळीने गाद्या, अंगावर पुरते कपडे आणि चोळणाऱ्या बायका चाळिशी-पन्नाशीच्या, आपल्या बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईसारख्या भक्कम हातांच्या. सासूबाईंचे पाय त्यांनी अर्धा तास दाबले. पलीकडे होडीने वाट अरुणला गेलो, तेव्हा त्या चक्क माझ्यापुढे चालत होत्या. अरुणाचे हे देऊळ चिनी बश्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. पायऱ्या फार उभ्या. तिथे मात्र त्या खाली सावलीत बसल्या आणि वर मी एकटी गेले. वरून नदी दिसली, आणि खाली त्या कुणाशी तरी खुणांनी बोलत असलेल्या दिसल्या.

जेवणाचे थोडक्यात सांगते. तिथे भाजीतसुद्धा माशाचे पाणी घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात एक ठरावीक चिन्ह दिसले की ते शुद्ध शाकाहारी, त्याला ‘जे’ म्हणतात. मोबाइलमध्ये त्याचे चित्र ठेवा. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा जरूर खा. आपल्या नारळीभाताची लांबची बहीण. शिवाय आम्ही भाजणी आणि चिवडा नेलाच होता.

तरंगत्या बाजाराची फार जाहिरात करतात, पण प्रसिद्ध डॅमनेन सदुआकचा बाजार शहरापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि आता सगळा प्रवाशांसाठीच. आम्ही तो सोडून पाक ख्लोंगच्या फुलबाजारात गेलो. झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्या आणि मोगऱ्याच्या अशा घट्ट ओवलेल्या माळा, की बघत राहावे. सासूबाईंनी एक घेतली आणि सवयीने अंबाड्यात माळली. माळवाली चकित! ती माळ बुद्धाला वाहायची किंवा वडीलधाऱ्यांना द्यायची. तिने खुणेनेच तसे सांगितले, मग सासूबाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघितले, हसली, आणि आणखी एक माळ दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या विमानात सासूबाई खिडकीशी बसल्या. ढग संपल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “हे बघ, त्या खड्यांच्या दुकानाचं बाळला सांगू नकोस. आणि मारुतीचं आपल्या आळीत कुणाला सांगू नकोस.” हा लेख लिहीपर्यंत मी दोन्ही पाळलं होतं.